बेगमी करणाराला हसू नका

(राजूर, ता. भोकरदन, जि. जालना येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंगारकी चतुर्थीला या राजूरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. जालन्याहून, भोकरदनहून, छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने माणसे रात्रभर चालत येतात. मागणे सगळ्यांचे एकच, विघ्न टळू दे. पण या चालणाराच्या पिशवीत डोकावून पाहा. पाण्याची बाटली असते, उपासाचा शेंगदाण्याचा लाडू असतो, बॅटरी असते, म्हाताऱ्याच्या खिशात रक्तदाबाची गोळी असते. "देव आहे ना पाठीशी, मग पाणी कशाला बरोबर घेतलंस?" असे त्याला कोणी विचारत नाही. विघ्न टळावे म्हणून हात जोडायचे आणि विघ्न आलेच तर जवळ असावे म्हणून पाणी घ्यायचे, यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही.

हाच माणूस घरी जाऊन सुगीत ज्वारीची चार पोती बाजारात न नेता कोठीत भरतो, तेव्हा काय होते? पारावर चर्चा सुरू होते. "काय आबा, लढाई लागणार हाय का?" "दुकानं काय बंद पडणार हायेत?" उन्हाळ्यासाठी कडब्याची दुसरी गंजी राखून ठेवली तर म्हणतात, भाव वाढायची वाट बघतोय. सातबारा, पासबुक, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवले, तर घरातलेच म्हणतात, "अभद्र बोलू नका, अभद्र करू नका." म्हणजे संकटाची तयारी केली की संकट येते, असा आपला एक गुपचूप समज आहे.

आज आम्हांला या हसण्याबद्दल बोलायचे आहे. विषय साधा दिसतो, पण घरात दाणा, कडबा आणि पाणी आहे की नाही यावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या मालाला भाव काय मिळतो, त्याचा बैल कोणत्या महिन्यात विकला जातो, हे ठरते.

जुना शब्द, जुनी रीत

आपल्या भाषेत यासाठी चांगला शब्द आहे, बेगमी. पावसाळ्याची बेगमी, लग्नाची बेगमी, वर्षाची बेगमी. या मराठवाड्यात बेगमीची साधने घराच्या बांधकामातच होती. भिंतीत बळद, ओसरीवर कणगी, स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड, आणि गावाच्या पांढरीत खोल खणलेले पेव. कडब्याच्या पेंढ्या आणि भुसा खाली-बाजूने लावून ज्वारी पेवात ओतायची, वरून तोंड मातीने लिंपायचे. आत हवा नाही, त्यामुळे किडा जगत नाही. ज्वारी वर्षानुवर्षे टिकायची. आम्ही कृषी महाविद्यालयात हवाबंद साठवणुकीचे शास्त्र शिकलो, ते आपल्या आज्याला पुस्तकाशिवाय माहीत होते. एखादी गोष्ट भरमसाट झाली की आपण आजही म्हणतो, 'पेव फुटले.' शब्द राहिला, पेव बुजले.

आणि मायबहिणींनो, तुमची बेगमी तर आजही चालू आहे. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया, सांडगे वाळतात. तिखट-हळद वर्षाची होते. डाळी भरडून ठेवल्या जातात, गोवऱ्या रचल्या जातात, सरपण पाऊस पडायच्या आत आडोशाला जाते. डब्याच्या तळाशी चार नोटा असतात, त्या नवऱ्यालाही माहीत नसतात. ही सगळी आपत्कालीन तयारीच आहे. पण बाईने केली म्हणून तिला घरकाम म्हणतात आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तेच काम पुरुषाने विचार करून, हिशेब मांडून केले की गाव हसते. आधी हे कबूल करू या, की तयारीची अक्कल या मराठवाड्यात ज्या घरांत टिकली, ती बायांमुळे टिकली.

प्रत्येक संकटाचे तोंड वेगळे

कोणी म्हणेल, आता पूर्वीसारखे दुष्काळ कुठे राहिले? रस्ते आहेत, रेशन आहे, खिशात मोबाईल आहे. जरा मागे पाहू.

१९७२. या दुष्काळाने मराठवाड्याचा कणा मोडला. घरात दाणा नव्हता. खडी फोडायला, नालाबांधाला, पाझर तलावाच्या कामाला अख्खी कुटुंबे गेली. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, माणसांनी खाल्ली. सुकडी वाटली गेली. पण जुनी माणसे एक गोष्ट नेहमी सांगतात, तेव्हा विहिरीला थोडेतरी पाणी होते.

२०१२-१३. उलटी गत. दुकानात धान्य होते, पण प्यायला पाणी नव्हते. जालना जिल्हा त्या दुष्काळाच्या अगदी मध्यावर होता. टँकरच्या मागे हंडे घेऊन माणसे धावली. ज्या मोसंबीने या जिल्ह्याचे नाव केले, त्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोराबाळांसारख्या वाढवलेल्या झाडांना कुऱ्हाड लावावी लागली. जनावरे चारा छावणीत गेली. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. किल्लारी आणि आसपासच्या गावांत माणसे झोपेत असताना जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. ती घरे उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेली होती, हादऱ्यासाठी नव्हे. मराठवाड्यात भूकंप होतो हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

२०२०. या वेळी पाणी होते, दाणा होता, घरे शाबूत होती. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि बाजार बंद. घरात कापूस पडून, खरेदी थांबलेली. टरबूज, भाजीपाला रानातच सडला. पुण्या-मुंबईला गेलेली पोरे चालत गावाकडे निघाली.

आणि २०२५ चा सप्टेंबर. मराठवाड्यात पाणी मागून दमलेल्या माणसांवर पाणीच कोसळले. सोयाबीन कुजले, कापसाची बोंडे सडली, नदीकाठची जमीन खरडून गेली, दावणीची जनावरे वाहून गेली.

पाच संकटे, पाचांची तोंडे वेगळी. १९७२ ची तयारी २०१२ ला पुरली नसती, २०१२ ची २०२० ला पुरली नसती. म्हणून 'यंदा काय येणार' याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. दाणा, पाणी, चारा, औषध, रोकड, कागद आणि शेजार या सात गोष्टी घरात थोड्या थोड्या असल्या, तर संकट कोणत्याही दाराने येवो, पहिले काही दिवस आपण उभे राहतो. आणि पहिले काही दिवसच माणसाला मोडतात.

अमेरिकेतले तळघर

आता हसण्यामागे एक खरे कारणही आहे, तेही पाहू. अमेरिकेत अशा तयारी करणाऱ्या लोकांना 'प्रेपर' म्हणतात. अणुयुद्धाच्या भीतीने १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथे लोकांनी अंगणात तळघरे खणली. पुढेही ही जमात वाढत राहिली. वर्षावर्षांचे डबाबंद अन्न, पाण्याच्या टाक्या, आणि शेजारी मागायला आला तर त्याला हाकलायला बंदुका. २०१२ ते २०१४ मध्ये त्यांच्यावर टीव्हीची मालिका निघाली. लोकांनी ती करमणूक म्हणून पाहिली, हसले. पुढे २०२० साली महामारी आली आणि हसणारेच दुकानासमोर रांगा लावून संडासचे कागद गोळा करू लागले. आता हवा बदलली आहे. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघर पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आले तर घरात काय असावे याची. युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये नागरिकांना सांगितले, किमान ७२ तास पुरेल इतके सामान घरात ठेवा. जपानमध्ये तर १९२३ च्या मोठ्या भूकंपाच्या आठवणीने दर १ सप्टेंबरला देशभर सराव होतो.

आपल्याकडेही घाबरटपणाचे नमुने कमी नाहीत. १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब आकाशातून पडणार अशी बातमी आली. गावोगाव अफवा पसरली की जग बुडणार. लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या, असेल ते विकून मजा केली. स्कायलॅबचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार अशी अफवा उठली आणि शहरांत माणसांनी मिठासाठी दुकाने फोडायची बाकी ठेवली. ज्या देशाला एवढा समुद्रकिनारा आहे, त्या देशात मीठ संपणार!

या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. घाबरलेला माणूस संकटाच्या दिवशी दुकानावर तुटून पडतो आणि शेजाऱ्याच्या वाटणीचे उचलतो. बेगमी करणारा माणूस सुगीत, मुबलक असताना, आपल्याच रानातले बाजूला ठेवतो आणि संकटाच्या दिवशी रांगेत उभाच राहत नाही. त्याच्यामुळे रांग एकाने कमी होते. मग हसायचे कोणाला?

आणि तळघरात आणि पेवात फरक आहे. तळघर शेजाऱ्यापासून लपवण्यासाठी असते. पेव गावाच्या पांढरीत असायचे, सगळ्यांना ठाऊक असायचे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने महाराच्या रूपाने जाऊन बादशहाचे पैसे भरले. त्या कथेत सगळे कोठार उघडणाऱ्याला नमस्कार करतात, ते बरोबरच आहे. पण कोठार उघडण्याआधी कोणीतरी ते भरावे लागते. रिकामे कोठार उघडून दामाजीपंतांनी काय वाटले असते?

'साठेबाज' ही शिवी

भावांनो, आपल्या बाबतीत हसण्याच्या पुढची एक गोष्ट आहे. व्यापाऱ्याच्या गोदामासाठी जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा आहे. साठ्यावर मर्यादा येतात त्या व्यापाऱ्यांवर, गिरण्यांवर. गव्हावर २०२३ मध्ये आली तीही त्यांच्यावरच. पण शहरातल्या माणसाच्या तोंडात 'साठेबाज' हा शब्द असा बसला आहे, की शेतकऱ्याने स्वतःच्या रानातली चार पोती स्वतःच्या घरात ठेवली तरी त्याच्याकडे बोट दाखवले जाते. आणि आपणही ते खाली मान घालून ऐकतो. आपण पिकवलेले आपल्या घरात ठेवणे हा गुन्हा नाही, पाप तर नाहीच नाही.

उलट घरात दाणा नसलेल्या शेतकऱ्याचे काय होते पाहा. दिवाळी तोंडावर येते. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो. किराणा संपलेला, पीठ विकतचे, पोराची फी राहिलेली. गावातला व्यापारी दारात काटा लावतो आणि म्हणेल त्या भावाला कापूस जातो. ओला आहे म्हणून कट्टी, कचरा आहे म्हणून कट्टी. हा माणूस व्यापाऱ्याशी भांडू शकत नाही, कारण त्याला संध्याकाळचे पीठ आणायचे आहे. तीच गत बैलाची. माघ-फाल्गुनात कडबा संपतो. चारा विकत घेण्याची ऐपत नसते. बाजारात सगळेच जनावर घेऊन उभे, घेणारा एखादाच. सत्तर हजारांची जोडी निम्म्यावर जाते, आणि मृगाला तीच जोडी दुपटीने शोधावी लागते. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याच बापजाद्यांनी केली आहे.

घरात सहा महिन्यांची ज्वारी आणि उन्हाळ्याचा कडबा असेल, तर हाच माणूस व्यापाऱ्याला म्हणू शकतो, "आज देत नाही, पुढच्या आठवड्यात ये." एवढे एक वाक्य म्हणण्याची ताकद पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे नव्हती. बेगमीतून ती ताकद येते.

इथे एक सावध सूचना. ज्वारी ठेवणे आणि कापूस ठेवणे एक नाही. २०२१-२२ ला कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या हंगामात कित्येकांनी तेवढ्याच भावाच्या आशेने घर कापसाने भरले. भाव सात-आठ हजारांच्या आसपास घुटमळला. घरात कापूस, माणसे ओसरीवर, पोरांच्या अंगाला खाज, आणि चुलीची ठिणगी उडाली तर काय याचा घोर. भावासाठी माल थांबवणे हा तुमचा हक्क आहे, पण तो सौदा आहे, त्यात नफा-तोटा आहे. ज्वारी, चारा, पाणी ठेवण्यात तोटा नाही. भाव पडला तरी ज्वारी खाता येते. कापूस खाता येत नाही.

आणि हीच आपली नवी अडचण आहे. आपण ज्वारी सोडून कापूस आणि सोयाबीनकडे गेलो. का गेलो याची कारणे आम्ही जाणतो. ज्वारीला भाव नाही, पाखरांचा त्रास, काढणीला मजूर नाहीत. पण त्यामुळे शेतकऱ्याचे घर पहिल्यांदाच दुकानाच्या पिठावर चालू लागले, आणि दावण विकतच्या चाऱ्यावर. कापसाचे बियाणेही दरवर्षी पाकिटातूनच आणावे लागते, घरचे चालत नाही. पीक रोकडीचे, खाणे रोकडीचे, बियाणे रोकडीचे. रोकड अडली की सगळेच अडले.

हिशेब मांडू

आता कागद काढा. मोटामोटी हिशेब सांगतो.

दाणा. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी धरा. पाच माणसांच्या घराला २ किलो, महिन्याला ६० किलो, सहा महिन्यांना ३६० किलो. म्हणजे चार पोती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी ५ किलो मिळते, म्हणजे या घराला २५ किलो. उरलेल्या ३५ चे काय? मराठवाड्यातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना तर २०२३ पासून धान्याऐवजी रोख देणे सुरू झाले. रोख चांगली, पण बाजार बंद असला की ती शिजवता येत नाही. बरे साल असेल तर रब्बीची मालदांडी कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल देते. म्हणजे एक एकर ज्वारी राखली की सहा महिन्यांची भाकरी घरात. सगळे रान ज्वारीखाली आणा असे आम्ही म्हणत नाही. एक एकर, तेही जमत नसेल तर वीस गुंठे.

साठवण. ज्वारी दाताखाली कडक फुटेपर्यंत वाळवा. ओल १२ टक्क्यांच्या खाली हवी. कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. वाळलेला लिंबाचा पाला घाला. महिन्याला एकदा हात घालून पाहा. आत गरम लागले तर उन्हात काढा. सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्या गोळ्यांच्या वायूने झोपेत माणसे मेली आहेत. कोणाकडे जुने पेव असेल तर उघडल्याबरोबर आत उतरू नका. आत जडवायू साठलेला असतो. तोंड उघडे ठेवून हवा खेळू द्या, कंदील सोडून पाहा, तो विझला तर माणूसही विझतो. हाच नियम जुन्या विहिरीला. आणि आत कोणी पडला तर दोराशिवाय त्याच्या मागे उडी टाकू नका. एकापाठोपाठ एक माणसे जातात ती अशीच.

चारा. बैलाला दिवसाला ६ किलो कोरडा चारा धरला तर जोडीला १२, आणि उन्हाळ्याच्या १२० दिवसांना दीड टनाच्या आसपास. त्याच एकर ज्वारीचा कडबा यातला बराच भार उचलतो. एकच मोठी गंजी लावू नका, दोन लावा, घरापासून आणि विजेच्या तारेपासून लांब. एक पेटली तर दुसरी राहते.

पाणी. पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरले तर पाच माणसांना २५ लिटर. दोनशे लिटरचे झाकणाचे एक पिंप आठ दिवस काढते. पूर आला तर विहिरीचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे द्रावण टाकूनच प्या. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

बियाणे. पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी येते, हे तर आपले नेहमीचे संकट. घरच्या सोयाबीनचे चांगले बियाणे राखा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर पेरायला चालते. तूर, बाजरी, तीळ यांचे थोडे बियाणे कायम घरात असू द्या. पेरणी जुलैच्या पुढे लांबली तर कापसाच्या मागे लागू नका. १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ उशिराच्या पावसासाठी आपत्कालीन पीक नियोजन देते, ते गावात लावून घ्या.

औषध. रक्तदाब, साखर, दमा यांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्तीच्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावले तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ११२ ही आहे; पण गावात कोणाची गाडी रात्री निघेल हे आधी ठरलेले असू द्या. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली. औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरला कळते विष कोणते. आणि वीज कडाडू लागली की झाडाखालून निघा. पुण्याच्या संस्थेने केलेले 'दामिनी' ॲप मोबाईलवर आधी इशारा देते. पोरांना ते टाकून द्यायला सांगा.

कागद आणि रोकड. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, रेशनकार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पंचनाम्याला कागद नसलेला माणूस शेवटी राहतो. घरात थोडी रोकड, लहान नोटांत. मनोऱ्याची वीज गेली की मोबाईलमधला पैसा मोबाईलमध्येच राहतो.

'बेगमी करू कशातून?'

आम्हांला माहीत आहे, मागे बसलेल्या भावांच्या मनात काय आहे. खळ्यावर रास पडायच्या आत सावकार आणि बँक उभी असते, बेगमी करू कशातून? हा प्रश्न खरा आहे. ज्याच्याजवळ रानच नाही, त्या मजुराचा तर आणखी खरा. पूर्वी सुगीत मजुरी दाण्यात मिळायची, आता रोकडीत मिळते. एकट्या घराला जमत नसेल ते गावाने करायचे.

तेलंगणात झहीराबादच्या भागात, आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघांनी १९९० च्या दशकात पडीक रानात ज्वारी पिकवली, ती गावातच साठवली आणि गावातल्या गरजूंना स्वस्तात दिली. कोणाला किती गरज हे त्याच बायांनी गावासमोर ठरवले. आपल्या गावात सुगीला प्रत्येक खळ्यावरून एक पायली ज्वारी वेगळी काढली आणि गावच्या कोठीत टाकली, तर काय अवघड आहे? आषाढात ज्याच्या घरात संपले त्याने न्यावे, सुगीला सव्वापट नको, जेवढे नेले तेवढेच परत टाकावे. हिशेब बचत गटाच्या बायांकडे द्या. त्यांच्या हातात दिलेला हिशेब चुकत नाही, हे बँकवालेही सांगतात.

त्याबरोबर एक वही करा. गावात एकटी म्हातारी माणसे कोणती, गरोदर बाया कोण, अपंग कोण. ट्रॅक्टर-ट्रॉली कोणाकडे, दोर कोणाकडे, जनरेटर कोणाकडे. उन्हाळ्यात शेवटपर्यंत पाणी राहणारी विहीर कोणती. पूर आला तर जनावरे कोणत्या टेकाडावर न्यायची. ही वही करायला एक संध्याकाळ लागते.

सरकारला सुटका नाही

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर उद्या कोणी पुढारी म्हणेल, संघटनाच सांगते की शेतकऱ्याने आपले आपण पाहावे. तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी पुढे आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. लोक कामाच्या मागणीसाठी उभे राहिले म्हणून ती हमी टिकली. २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा सांगितली आहे. टँकर, छावणी, पंचनामा, भरपाई ही तिची कामे आहेत आणि ती आपण मागणारच.

पण मागणारा माणूस किती दिवस उभा राहू शकतो, हे त्याच्या घरात काय आहे त्यावर ठरते. ज्याची चूल उद्या विझणार आहे, तो कलेक्टर कचेरीसमोर दुसऱ्या दिवशी थांबू शकत नाही. मिळेल त्यावर अंगठा उठवून घरी जातो. ज्याच्या घरात दाणा आहे तो आठ दिवस बसतो.

म्हणून मायबहिणींनो आणि भावांनो, इथून उठण्याआधी तीन ठराव करू. प्रत्येक गावाने येत्या रब्बीत निदान दहा घरांतून एकेक एकर ज्वारी घरासाठी राखावी. प्रत्येक गावाने सुगीला गावची कोठी सुरू करावी आणि तिची किल्ली बायांच्या हातात द्यावी. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावाची ती वही भरून बरोबर आणावी. वह्या इथे समोर ठेवून वाचू, कोणाच्या गावात काय कमी आहे ते एकमेकांना सांगू.

आणि पारावर कोणी विचारले, "काय आबा, लढाई लागणार हाय का?" तर त्याला हसून सांगा, "लागली तर तुझ्या लेकरांना माझ्या घरी धाड."